अर्ध्यावरून फिरणारे

३ नोव्हेंबर, सोमवार

हजार बारा! पहिल्याच दिवशी. अंगठे दुखताहेत, पण हे लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

काम असं — कालव्यावरच्या लोखंडी पादचारी पुलाच्या या टोकाला, पायऱ्यांच्या शेजारी, स्टुलावर बसायचं. सकाळी सात ते संध्याकाळी सात. दोन्ही हातांत माणसं मोजायचं एकेक यंत्र. मी त्यांना टिकटिके म्हणते. उजवा पलीकडे जाणाऱ्यांचा, डावा इकडे येणाऱ्यांचा. माणूस गेला की अंगठा दाबायचा — टक्. चौदा दिवस. रोजची सरासरी हजाराच्या वर गेली तर पुलाची दुरुस्ती होणार, खाली राहिली तर पूल पाडणार. म्हणजे पुलाचं आयुष्य माझ्या दोन अंगठ्यांवर!

साहेब म्हणाले, ‘बाई, आकडा खरा द्या. बाकी कसलाही विचार करू नका.’ बारा तास बसायचं आणि विचार करायचा नाही! साहेबांनी स्वतः कधी बसून पाहिलेलं दिसत नाही.

नियमांचा कागद दिलाय. पूल पूर्ण ओलांडणाराच मोजायचा. अर्ध्यावरून मागे फिरणारा मोजायचा नाही. कडेवरचं मूल मोजायचं नाही. (का? त्याला पूल लागत नाही?) मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही.

पूल मधे उंच आहे, कमानीसारखा. पलीकडे जाणाऱ्याचे आधी पाय दिसेनासे होतात, मग कंबर, मग डोकं. डोकं बुडालं की टक्. दिवसभर माणसं अशी बुडताना बघत बसले. छान वाटत होतं, का ते सांगता येणार नाही.

पलीकडे ताई राहते. हे साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. तीन वर्षं आमचं बोलणं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

९६७.

पुलाची रुंदी अडीच माणसांची. दोघं समोरासमोर आली की कुणीतरी एकाने खांदा वळवायला हवा. आज दिवसभर तेच पाहिलं — आधी कोण वळतं? हातात पिशव्या असलेली माणसं आधी वळतात. मोकळ्या हातांनी चालणारे नाक वर करून सरळ येतात. वाटलं होतं, उलटं असेल.

आणि तो नाच! दोघं एकाच बाजूला सरकतात, मग दोघं दुसऱ्या बाजूला, मग दोघं थांबतात आणि हसतात. आज असे अकरा नाच झाले. एकदा एक जाडजूड गृहस्थ आणि एक किडकिडीत बाई चार वेळा इकडेतिकडे सरकले, शेवटी गृहस्थांनी चक्क हात जोडले आणि कठड्याला चिकटून उभे राहिले. त्यांच्यासाठी टक् केलं तेव्हा अंगठा जरा प्रेमाने दाबला. यंत्राला कळत नाही ते.

आपल्याकडे माफी मागायला, वाट मागायला, रागवायला, लाजायला एकच शब्द पुरतो — ‘जरा.’ ‘जरा...’ म्हणजे सरका. ‘जरा!’ म्हणजे दिसत नाही का? ‘जरा हं’ म्हणजे तुमच्या पायावर पाय पडला, पण आपण दोघं सभ्य आहोत. एवढ्या एका शब्दावर हा पूल चाळीस वर्षं चाललाय.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी कालव्यावर धुकं. पूल मधोमध संपल्यासारखा दिसत होता. माणसं नुसती धुक्यात चालत जात होती आणि मी त्यांना टक् करून निरोप देत होते. इतकं शांत! कुणी बोललं तरी आवाज आधी यायचा आणि माणूस मागून.

खरं सांगायचं तर मला धुकं नसलं तरी तसंच दिसतं. लांबचा चष्मा आहे मला, पाच वर्षांपासून. ताईनेच ओढत नेऊन करवून घेतलेला. टेबलाच्या खणात आहे, डबीत. एकदा घातला होता. भिंतींवरचे ओघळ दिसले, माणसांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, समोरच्या बाल्कनीतली माझ्या वयाची एक दमलेली बाई दिसली. काढून ठेवला. चष्म्याशिवाय शहर मऊ असतं. दिव्यांना पाकळ्या फुटतात. लांबून येणारं प्रत्येक माणूस ओळखीचं निघण्याची शक्यता असते!

मोजायला चेहरे लागत नाहीत, म्हणून हेही साहेबांना सांगितलं नाही.

आज एक अर्धी दिसली. पाचच्या सुमारास पलीकडून आली, कमानीवर पोचली आणि थांबली. निळसर कपडे. बराच वेळ माझ्याकडे तोंड करून उभी. मग मागे फिरली. नियमाप्रमाणे मोजली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

९४१. पाचला अर्धी पुन्हा आली. पिशवी कोपरात अडकवलेली. उजवा पाय किंचित ओढत चालते.

ताई अशीच चालते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आकडा नंतर. आधी ते लिहून टाकते.

तीन वर्षांपूर्वी याच पुलाच्या खालच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत, ताईने मला लांबून हात केला. दोनदा. मी तिच्याकडे सरळ बघत बघत निघून गेले. मला दिसलीच नाही ती! माणसांचा एक पुंजका दिसला, त्यात काहीतरी हललं. बस्स.

रात्री तिचा फोन. ‘रस्त्यात बहिणीला ओळख दाखवायची लाज वाटते वाटतं आता!’

तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं — ताई, मी चष्मा घातला नव्हता. पण ते म्हणजे तिचंच खरं झालं असतं! ‘चष्मा लाव गं, चष्मा लाव, आंधळी कोशिंबीर खेळतेस का रस्त्यातून?’ हे दोन वर्षं ऐकत होते मी. मग मी काय म्हणाले? म्हणाले, ‘तुला सगळ्यांनी सारखं बघत राहायला हवं असतं.’ हे कुठून आलं तोंडात, देव जाणे. भावोजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात तिच्याकडे बघायला कुणीच नव्हतं.

तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती वाट बघतेय मी फोन करण्याची आणि मी वाट बघतेय तिने करण्याची. आई असती तर दोघींना एकेक रट्टा देऊन एका खोलीत कोंडलं असतं.

आणि आता ती रोज अर्ध्यापर्यंत येते.

१००४. चार जास्त. बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुलाखाली किल्लीवाला बसतो. लोखंडी टपरी, समोर किल्ल्यांचे जुडगे टांगलेले. राहतो पलीकडे. त्याला कुठून तरी कळलं की मी काय मोजतेय आणि कशासाठी. आज दुपारी पूल ओलांडून गेला. पाच मिनिटांनी आला. पुन्हा गेला, डोक्यावर टोपी. पुन्हा आला, टोपी नाही.

मी म्हटलं, ‘हे काय चाललंय?’

‘मॅडम, मी वेगळा माणूस आहे.’

‘टोपी काढली म्हणून?’

‘नियमात काय लिहिलंय? ओलांडणारा मोजायचा. ओलांडला की नाही?’

नियमात खरंच एवढंच लिहिलंय. मोजला. काय करणार!

जाताना म्हणाला, ‘पूल गेला की पलीकडच्यांना मोठ्या रस्त्याने फिरून यावं लागणार. पाऊण तास. किल्ली हरवलेला माणूस पाऊण तास चालेल होय? कुलूप फोडून मोकळा होईल.’

पाऊण तास. आत्ता चार मिनिटं आहेत. चार मिनिटं होती तरी मी तीन वर्षं गेले नाही.

पाचला आली. आज तिने हात वर केला! कपाळापाशी नेला, धरून ठेवला. मला बघत होती डोळ्यांवर हात धरून? की हात करायचा होता आणि राहिला अर्ध्यात? दोन्ही हातांत टिकटिके. तशीच बसून राहिले, खांबासारखी. दुसऱ्यांदा तेच केलं मी.

९ नोव्हेंबर, रविवार

६११! सगळं शहर घरात लोळत पडलेलं. रविवारही सरासरीत धरणार म्हणतात. घरी बसणारी माणसं पूल पाडणार.

ती मात्र आली. रविवारीसुद्धा.

१० नोव्हेंबर, सोमवार

स्टुलावर बसून आज ताईशी बोलायचे संवाद तयार केले. एक — मी काहीच झालं नाही असं दाखवते, ‘किती वाळलीस गं’ म्हणते. दोन — मी रडते. हे नको, पुलावर गर्दी असते. तीन — ती म्हणते ‘चुकलं माझं’ आणि मी मोठ्या मनाने ‘जाऊ दे’ म्हणते. हा सगळ्यात आवडता. तीनदा केला. त्या नादात दोन-चार माणसं मोजायची राहिली असतील.

दुपारी बदलीला ऑफिसातली बाई अर्धा तास येते. तिने विचारलं, ‘कंटाळा नाही येत?’ मी म्हटलं, ‘नाही.’ खरंच येत नाही. लोक चालताना किती बोलतात! वाऱ्यावर तुकडे येतात नुसते. ‘...मी म्हटलं, तूच सांग आता...’ ‘...हो ना, आणि वर मलाच...’ ‘...तिला नको सांगू फक्त...’ अख्खं शहर एकमेकांबद्दल तक्रार करत पूल ओलांडतं आणि पलीकडे गेल्यावर त्याच माणसांसोबत जेवायला बसतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट केलं आज.

सहा पंचावन्न. दोन्ही मिळून ९९३. पूल रिकामा. किल्लीवाला टपरी बंद करत होता. मी अंगठा दाबला. टक्. कुणीही गेलं नव्हतं. मग आणखी. टक्, टक्, टक्... सात.

हजार. गोल आकडा. बघून इतकी लाज वाटली! यंत्र मागे जात नाही. एकदा दाबलं की दाबलं. रिकाम्या पुलावरून माझी सात माणसं चालत गेली आणि परत येणार नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फेडलं. कालची सात जास्त आहेत, तर आज सात खरी माणसं न मोजता सोडायची. ठरवलं सकाळी सातला. पण सोडणार कुणाला? पहिली बाई आली, ओले केस, धावत. हिला नाही म्हणायचं? मग एक आजोबा, काठी टेकत, अडतीस पायऱ्या मोजत चढले. त्यांना न मोजता सोडणं तर पापच. दुपारपर्यंत एकही सोडवेना. मोजणं सोपं आहे, न मोजण्यासाठी दगडाचं काळीज लागतं.

मग टोपीवाले महाशय निघाले फेऱ्या मारायला. टोपीसह, टोपीविना, एकदा गळ्यात मफलर. मी अंगठा हलवला नाही. त्याचे सात फेरे, माझे कालचे सात टक्. फिटंफाट! शेवटी धापा टाकत म्हणाला, ‘मोजताय ना नीट?’ मी म्हटलं, ‘अगदी नीट.’

आणि पाचला — मी हात केला. टिकटिक्यासकट. उजवा हात चांगला डोक्याच्या वर नेला आणि हलवला. तीन वर्षं उशिरा.

तिनेही केला!!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा केला. पुन्हा तिनेही. ती पुढे येत नाही. मी उठत नाही. जागा सोडायची नाही असा काही नियम नाही खरं तर. कागद तीनदा वाचला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

९८८. साहेबांचा फोन. ‘कठीण दिसतंय, बाई.’

रात्रभर पडल्या पडल्या पूल दिसत होता. कमानीवर आम्ही दोघी उभ्या आहोत आणि लोक ‘जरा... जरा...’ म्हणत आमच्या दोन्ही बाजूंनी जाताहेत. कुणी रागवत नाही. खाली पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतोय, तळाशी किल्ल्या पडल्यात शेकडो. स्वप्न होतं की जागी होते, ठाऊक नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खणातून डबी काढली. काचा पुसल्या. परत ठेवली.

उद्या शेवटचा दिवस.

१६ नोव्हेंबर, रविवार

चष्मा पिशवीतून नेला. पाच वाजायला आले तेव्हा घातला. आधी किल्ल्या दिसल्या, एकेक, दात्यांसकट. मग पायऱ्यांवरचा गंज. मग वर कमानीवर ती.

ताई नाही.

सत्तरीची कुणीतरी बाई. गोल चेहरा, पांढरे केस, ताईहून बुटकी. निळं होतं ते स्वेटर होतं. हात कानाशी होता आणि हातात फोन होता.

तरी उठले. दोन्ही टिकटिके हातातच, येणारे-जाणारे मोजत मोजत वर चढले. दोन वेळा ‘जरा’ म्हटलं. तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले.

ती हसली. ‘तुम्हीच ना हात करता रोज? मला कळेना, ही कोण ओळखीची! म्हटलं, आपलं वय झालं, नसेल लक्षात राहिलं. मग मीही करायला लागले.’

‘तुम्ही रोज इथेच...?’

‘मुलीचा फोन. घरात आवाज तुटतो, इथे स्पष्ट येतो. ती कामावरून सुटली की पाच मिनिटं बोलतो.’ मग म्हणाली, ‘पूल पाडणार म्हणतात. मग कुठे उभी राहू?’

माझी ताई नाही निघाली म्हणून मी तिच्यावर रागावलेही होते थोडीशी. केवढा मूर्खपणा!

ती गेली. मी कमानीवर होते. इथवर मी तीन वर्षांत आले नव्हते. पलीकडचं सगळं लख्ख दिसत होतं — झाडांना पानं होती, वेगवेगळी! रस्ता, दुसरी गल्ली, ताईची इमारत, तिसऱ्या मजल्यावरची तिची खिडकी. पडदा ओढलेला. खिडकीतल्या कुंड्या वाळलेल्या. ताईच्या कुंड्या वाळलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या मी.

अजून दोन तास काम होतं. मागे फिरले. नियमाप्रमाणे मीही मोजायची नाही, दोन्ही नियमांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात जाऊन टिकटिके परत केले. सरासरी नऊशे तीसच्या आसपास. साहेबांनी कागदावर सही केली. ‘पुलाला एक तारखेला कुलूप. मग पाडकाम.’ मी विचारलं, एखादी बाई फोनवर बोलायला रोज अर्ध्यापर्यंत येते, ती कुठल्या रकान्यात? साहेब भले माणूस. खरंच कागद उलटसुलट करून पाहिला. ‘तसा रकाना नाही, बाई.’

त्या सात माणसांची आठवण झाली. ठेवली असती तरी पूल वाचला नसता. तेवढंच समाधान.

१९ नोव्हेंबर, बुधवार

किल्लीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘अजून थोडे फेरे मारायला हवे होते.’ मग बराच वेळ एकच किल्ली घासत बसला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. चष्मा घालून. काय म्हणणार जाऊन? तिन्ही संवाद त्या निळ्या स्वेटरवालीसाठीच तयार केल्यासारखे वाटतात आता. आणि ताई एवढी तीन वर्षं एकदाही आली नाही, हेही आहेच. चार मिनिटांचा पूल तिच्या बाजूनेही चारच मिनिटांचा आहे. दुखतं ते. लिहून टाकलं एकदाचं.

त्या वाळलेल्या कुंड्या मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले.

ताईने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘कोण पाहिजे?’

मग पाहिलं, ती माझ्या तोंडाकडे नाही, कानाच्या जरा बाजूला बघत होती. मी म्हटलं, ‘ताई.’ आवाज ऐकला आणि तिने दोन्ही हात पुढे केले. माझा गाल सापडला, मग नाक, मग नाकावरची दांडी. बोटांनी काचा चाचपल्या.

‘घातलास एकदाचा!’

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्ष झालं. पायऱ्या दिसत नाहीत. माझ्याकडे यायला दोनदा निघाली होती, दोन्ही वेळा तिकडच्या पहिल्या पायरीवरून मागे फिरली. मी तिकडे बघतसुद्धा नव्हते.

उद्या तिला हात धरून इकडे आणायचंय. पूल अजून आठ दिवस आहे.